जन्मवेळ माहीत नसेल तर तसंच लिहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जन्मवेळ माहीत नसली तरी पत्रिका कशी करून मिळते यावर लेख आला होता, तो आमच्याकडं मोठ्याने वाचला गेला आणि त्यावरून घरात चांगलाच वाद झाला. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, नोकरीतला बराचसा काळ लेबर रूमला गेला, त्यामुळे ज्या वेळेवर सगळी पत्रिका उभी असते ती वेळ मुळात कागदावर कशी येते हे मी जवळून बघितलंय म्हणून हे पत्र. ज्योतिष खरं की थोतांड हा वाद मला इथं घालायचा नाहीये, आमच्या ह्यांचा पूर्ण विश्वास आहे, माझा निम्माशिम्मा, आणि घरात दाते पंचांग दरवर्षी येतंच. मला एवढंच म्हणायचंय की वेळ माहीत नसेल तर "माहीत नाही" असं सरळ लिहा, अंदाजाने धरलेली वेळ पक्की म्हणून लिहू नका, कारण ती एकदा कागदावर आली की तिला अंदाज कुणीच म्हणत नाही.

आधी दवाखान्यातलं सांगते. बाळ बाहेर येतं तेव्हा कुणी घड्याळाकडं डोळे लावून बसलेलं नसतं हो. रडलं का, रंग कसा आहे, नाळ बांधायची, कापायची, पुसून गुंडाळायचं, आईला इंजेक्शन, वार पूर्ण पडली का, रक्त किती जातंय, टाके लागणार का, आणि रात्रपाळीला हे सगळं करायला एक सिस्टर आणि एक मावशी, मग हात धुतल्यावर केस पेपर आणि रजिस्टर हातात येतं. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बघायचं आणि मनाने दहाबारा मिनिटं मागं जाऊन वेळ टाकायची. कुठलंही जुनं रजिस्टर काढून बघा, वेळा ३.१०, ३.२५, ६.४० अशाच दिसतील, ३.१७ वगैरे क्वचित. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, आमच्या कामाला पाच मिनिटांनी काही बिघडत नव्हतं. शिवाय जन्म म्हणजे नेमका कुठला क्षण यावर ज्योतिषांचंही एकमत नाही, कुणी डोकं दिसलेलं धरतं, कुणी बाळ पूर्ण बाहेर आलेलं, कुणी पहिलं रडणं, कुणी नाळ कापली ती वेळ. कधीकधी या पहिल्या आणि शेवटच्यात चांगली दहा मिनिटं जातात.

आणि जन्मदाखल्यावर वेळ नसतेच! हे खूप जणांना माहीत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे २१ दिवसांत नोंद करायची असते, त्यात तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं येतात, वेळेचा रकाना नाही. वेळ असते ती दवाखान्याच्या केस पेपरवर आणि डिस्चार्ज कार्डवर, आणि डिस्चार्ज कार्ड कुठं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग पोरगी पंचवीस वर्षांची झाली की तिचे वडील दवाखान्यात येणार, सिस्टर जरा जुनं रजिस्टर बघा ना, आणि ते रजिस्टर कधीच रद्दीत गेलेलं किंवा वाळवीने खाल्लेलं. रिकाम्या हाताने परत जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पुढच्या महिन्यात त्यांच्याच मुलीच्या बायोडाटावर "जन्मवेळ सकाळी ७.१५" असं छापून आलेलं पण पाहिलंय.

घरी बाळंतपण झालेल्यांची तर वेगळीच कथा. त्यांच्या आयांना विचारलं तर त्या खोटं बोलत नाहीत पण घड्याळात पण बोलत नाहीत. गुरं रानातनं आली तेव्हा, दिवेलागणीला, कोंबडा आरवला आणि तू झालास, मुक्कामाची एसटी गेली त्याच्या मागनं. तारखेचीही तीच गत, बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी, पानशेत फुटलं त्या वर्षी, बहात्तरच्या दुष्काळात. नंतर शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकली की ती जन्मभर चिकटली, त्यामुळे आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी केकच केक. आता ही १ जून धरून कुणी साडेसाती सांगायला बसलं तर काय बोलायचं.

त्यात रात्रीच्या जन्माचा घोळ वेगळा. आपल्याकडं वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख रात्री बाराला. रात्री अडीचला झालेल्या बाळाला आजी म्हणणार सोमवारी रात्री झालं, दवाखान्याच्या कागदावर मंगळवारची तारीख, आणि दहा वर्षांनी कुणीतरी दोन्ही जुळवायला जाऊन सोमवारची तारीख आणि रात्री अडीच असं लिहिणार, म्हणजे बरोबर चोवीस तास मागं! चंद्र दिवसाला साधारण तेरा अंश चालतो म्हणजे जवळजवळ एक अख्खं नक्षत्र हुकलं. पत्रिका करणाऱ्याने "रात्री" म्हणजे कुठली रात्र एवढं विचारलं तरी ही चूक टळते पण विचारणारे कमी.

अजून जुन्या माणसांच्या वेळा बघायच्या तर घड्याळंच वेगळी होती. मुंबईत मुंबई टाइम म्हणून वेगळी वेळ १९५५ पर्यंत टिकून होती, ती स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागं. आणि दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभरची घड्याळं एक तास पुढं केली होती. त्या तीन वर्षांतल्या जन्माची वेळ डायरीत अगदी मिनिटासकट लिहून ठेवलेली असली तरी तास वजा केल्याशिवाय पत्रिका चुकणार.

आता या सगळ्याने फरक किती पडतो ते बघा. पत्रिकेतलं लग्न म्हणजे विवाह नव्हे, जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, तेच पत्रिकेचं पहिलं घर. चोवीस तासांत अशी बारा लग्नं पूर्वेला उगवतात, म्हणजे दर दोन तासांना, थोडं कमीजास्त, लग्न बदलतं, आणि लग्न बदललं की सगळे ग्रह एकेक घर सरकतात. नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, तो तर तेराचौदा मिनिटांत बदलतो. विंशोत्तरी दशेचं, म्हणजे आयुष्याचे तुकडे पाडून एकेक ग्रहाला वाटून द्यायच्या हिशोबाचं, असं की जन्मनक्षत्र, म्हणजे जन्मवेळी चंद्र असतो ते, शुक्राचं असेल तर त्याची महादशा २० वर्षांची, नक्षत्र ओलांडायला चंद्राला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे जन्मवेळेत तासाची चूक झाली की दशा दहा महिने पुढंमागं. तरी पण सॉफ्टवेअरला "सकाळी सात" असं अंदाजे सांगा, ते बिचारं लग्न १४ अंश २२ कला ३७ विकला असं छापून देतं. लग्न एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, एका अंशाच्या ३६०० विकला, त्या हिशोबाने ३७ विकला म्हणजे अडीच सेकंद! आईला तास आठवत नाही आणि कागदावर सेकंद आलेत, आणि तो कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून स्थळाकडं गेला की त्याला कोण विचारणार बाबा तुझी वेळ कुठनं आली.

माझ्या धाकट्या नणंदेचं सांगते, तिची परवानगी घेऊनच लिहितेय. तिचा जन्म कोयनेच्या भूकंपाच्या पहाटेचा, पाटण तालुक्यात, घरीच. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, भूकंप झाला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी, ही वेळ तर सरकारी दफ्तरात नोंदवलेली आहे. सासूबाई सांगायच्या, हादरा बसला, सगळे अंगणात पळालो, कळा आधीपासनं होत्याच, आणि उजाडायच्या आत पोरगी झाली. सासूबाई तो वार कायम रविवारच सांगायच्या कारण त्यांच्या लेखी उजाडलं नव्हतं. आता "उजाडायच्या आत" म्हणजे साडेचार की पावणेसहा? त्या दिवशी भूकंपाच्या वेळेला तूळ लग्न चालू होतं आणि पाचच्या सुमाराला वृश्चिक लागलं. मंगळ होता मकरेत. तूळ लग्न धरलं तर मंगळ चौथा, म्हणजे मंगळाची पत्रिका. वृश्चिक धरलं तर मंगळ तिसरा, काहीच नाही, पत्रिका स्वच्छ. पहिल्या गुरुजींनी वेळ लिहिली ४.३०, का तर भूकंप त्याच वेळेला झाला आणि साडेचार लिहायला सोपं. त्यावर चार स्थळं परत गेली. दुसऱ्यांनी ५.२० धरली तर मंगळ गायब. मकरेतला मंगळ उच्चीचा म्हणून दोष धरायचाच नाही असं सांगणारे तिसरेही भेटले. एकच पोरगी, एकच पहाट आणि तिघांची तीन मतं, पण तिघांपैकी एकानेही कागदावर "वेळ नक्की नाही" असं लिहिलं नाही. शेवटी पत्रिकाच न मागणाऱ्या घरात तिचं लग्न झालं, आता तिला नातवंडं आहेत, चांगलं चाललंय, पण ती परत गेलेली स्थळं सासूबाई मरेपर्यंत विसरल्या नाहीत.

मंगळाचा तर हिशोबच करून बघा ना कुणीतरी. आपल्याकडं लग्नापासून १, ४, ७, ८, १२ या स्थानांत मंगळ असला की मंगळाची पत्रिका धरतात. मंगळ एका राशीत साधारण दीड महिना बसतो, म्हणजे एका दिवसापुरता तो एका जागी असल्यासारखाच, आणि तेवढ्यात बाराच्या बारा लग्नं फिरून जातात. बारांतल्या पाच लग्नांना तो या घरांत सापडणारच. म्हणजे कुठल्याही दिवशी चोवीस तासांतले दहा तास जन्मलेली पोरं मंगळाची! दक्षिणेकडं दुसरं स्थान पण धरतात, तिथं तर निम्मी झाली. मग अपवादांची यादी काढून कुणाला सोडवायचं, कुणाचा सौम्य, कुणाचा कडक. ज्या वेळेत अर्ध्या तासाची खात्री नाही तिच्यावर एवढं सगळं चालतं, आणि निकाल लागतो बहुतेक मुलीचाच.

लेखात जन्मवेळ शुद्धीकरणाचं फार कौतुक होतं. त्याची पद्धत मी बसून बघितलीय. लग्न कधी झालं, वडील कधी गेले, नोकरी कधी लागली, अपघात ऑपरेशन काही, असं सगळं विचारून घेतात आणि त्या घटना ज्या लग्नाला आणि दशेला बसतील ती वेळ धरतात. कृष्णमूर्ती पद्धत म्हणून ज्योतिषाचीच एक वेगळी पद्धत आहे, ते लोक बघायला बसतात त्या क्षणी ज्या ग्रहांची सत्ता असते ते, म्हणजे रूलिंग प्लॅनेट्स, घेऊन करतात. पन्नाशीच्या माणसाचं निदान काहीतरी घडून गेलेलं असतं पण बावीस वर्षांच्या पोरीच्या आयुष्यात असं काय घडलंय ज्याच्यावरून वेळ काढणार, दहावीचा रिझल्ट? आणि आपणच सांगितलेल्या गोष्टी घालून वेळ काढली, मग त्या वेळेवरून पत्रिका काढली आणि पत्रिका बघून गुरुजी म्हणाले २००९ साली तुमच्याकडं एक दुःखद घटना घडलीय, तर आपण हात जोडतो, अहो आपणच सांगितलं होतं ना तासाभरापूर्वी. दोन वेगवेगळ्या ज्योतिषांकडं एकमेकांना न सांगता तीच माहिती द्या आणि दोघांच्या वेळा जुळतात का बघा, लेख लिहिणाऱ्यांना खात्री असेल तर त्यांनी हे जरूर करावं आणि तुम्ही छापावं.

त्यापेक्षा प्रश्नकुंडली मला प्रामाणिक वाटते. विचारलं त्या वेळेची कुंडली मांडायची, नाहीतर कृष्णमूर्तीत १ ते २४९ मधला आकडा सांगायचा. उत्तर बरोबर येतं का तो भाग निराळा, पण निदान तिथं तुमच्या जन्माची खोटी वेळ कुठं नोंदली जात नाही. वराहमिहिराच्या बृहज्जातकात तर नष्टजातक म्हणून अख्खा अध्याय आहे, ज्यांची जन्माची माहिती हरवली त्यांच्यासाठीच. म्हणजे ही अडचण सहाव्या शतकातही होती, आणि तेव्हाच्या माणसाने ती निदान वेगळी काढून तिला नाव तरी दिलं. आपण मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये दुपारचे बारा टाकून मोकळे.

अजून एक राहिलं. डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पत्रिकांची चाचणी घेतली होती, २००९ साली ती करंट सायन्स या विज्ञानाच्या नियतकालिकात आली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका होत्या, त्या सगळ्यांतल्या ४०-४० पत्रिका एकेका ज्योतिषाला पाठवल्या आणि यातली कुठली मुलं हुशार ते ओळखा म्हटलं. २७ जणांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. या चाचणीचं नाव काढलं की आमच्या ओळखीचे ज्योतिषी म्हणतात, आईबापांनी दिलेल्या जन्मवेळांचा काय भरवसा. मी म्हणते बरोबर आहे, काही भरवसा नाही, लेबर रूममध्ये मीच होते! पण मग तोच आईबापांनी दिलेला कागद मुलगी नाकारताना एकदम पक्का कसा होतो? चाचणीत चुकलं की वेळ संशयाची आणि स्थळ परत पाठवताना तीच वेळ देवाची, हे मला नाही पटत.

बरं, वेळ नसली म्हणजे पत्रिका बघणाऱ्यांचं सगळंच अडलं असंही नाही. तारीख पक्की असेल तर त्या दिवसाचं पंचांग काढा. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो आणि नक्षत्रात साधारण एक दिवस, त्यामुळे रास निम्म्याहून जास्त वेळा कळतेच, नक्षत्र त्या दिवशी बदलत असेल तर दोनांपैकी एक. आणि ज्या ३६ गुणांवर एवढी चर्चा होते, वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशीकूट, नाडी, ते सगळे चंद्राच्या राशी-नक्षत्रावरच काढतात, त्यांना लग्न लागतच नाही. म्हणजे गुणमेलन करायचंय त्यांनी खुशाल करावं, नक्षत्र बदलणारा दिवस असेल तर दोन्ही नक्षत्रांनी करून दोन्ही आकडे लिहावेत. चंद्राच्या राशीला पहिलं घर धरून चंद्रकुंडली मांडून ठेवावी. नामाक्षराला चरण, म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग, लागतो, तो साधारण सहा तासांचा, त्यामुळे "पहाटे" "दुपारी" एवढं आठवलं तरी अंदाज येतो. फक्त लग्नकुंडली, नवमांश, मंगळ आणि दशेच्या तारखा यांच्यापुढं रेघ मारावी. सटवाई पाचवीच्या रात्री येऊन लिहून जाते म्हणतात, ती काही डिस्चार्ज कार्ड मागत नाही.

मुहूर्ताच्या सीझरबद्दल मुद्दाम लिहीत नव्हते पण राहवत नाही. हल्ली लोक चिठ्ठी घेऊन येतात, ११.४२ ते ११.५५ मध्येच बाळ झालं पाहिजे. भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला अडकले, टेबलावर आधीच इमर्जन्सी आली, बाळ झालं १२.०८ ला, तर बाहेर आल्यावर नातेवाईक विनवतात, सिस्टर ११.५० लिहा ना, तुमचं काय जातंय. म्हणजे वेळ माहीत असूनही नको असते! असल्या कागदावरची पत्रिका उद्या दुसऱ्याच्या पोराशी जुळवणार.

घरात नवीन बाळ आलं असेल त्यांनी घरी जायच्या आधी डिस्चार्ज कार्डावर वेळ लिहिलीय का बघावं, नसेल तर लिहून मागावी आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, दाखल्यावर ती मिळणार नाही. आणि तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या वधू-वर पानासाठी जो फॉर्म भरून घेता त्यात जन्मवेळेचा रकाना भरल्याशिवाय पुढं जाताच येत नाही, भाचीचा फॉर्म भरताना मला तो अनुभव आलाय, मुकाट्याने काहीतरी आकडा टाकावाच लागतो. तिथं "माहीत नाही" आणि "अंदाजे, अमुक ते अमुक" असे दोन पर्याय ठेवा, आणि वेळ कुठून घेतली, दवाखान्याच्या कागदावरून, घरच्यांच्या आठवणीवरून की शुद्धीकरण करून, तेही एका शब्दात छापा. तुमच्या संगणक विभागाला अर्ध्या दिवसाचं काम असेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
जि. सातारा